दुसरी खेप



'निवृत्त सैनिकांकडून काय शिकावे' हा आजचा विषय चालकांनी पत्रिकेवर आधी छापला आणि वक्ता मागाहून शोधला, असा मला दाट संशय आहे. कारण मी सैनिक नाही. आयुष्यात माझ्या हाती आलेले सर्वांत धोक्याचे हत्यार म्हणजे छडी, आणि तीही पुढे सरकारने काढून घेतली. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी उभी हयात मास्तरकी केली, एवढीच या विषयावर बोलण्याची माझी पात्रता. पण आमच्या त्या मुलखात मास्तरकी करणाराला सैनिक टाळता येत नाही. शाळेच्या हजेरीपटावरची निम्मी मुले 'वडील फौजेत' अशी. त्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढेच लोक 'मिलिटरी' हा शब्द लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. एखाद्या गावाच्या अंगणातून ४६ तरणी माणसे उठून जाणे म्हणजे काय, याची कल्पना शहरात बसून करणे अवघड आहे.

आमच्याकडे आणखी एक गंमत आहे. पेन्शनीत आलेल्या प्रत्येक सैनिकाला गाव 'मेजर' म्हणते. सरकारने त्याला नाईक म्हणून घरी पाठवलेला असो की हवालदार म्हणून, एस.टी.च्या पायरीवरून उतरला की तो मेजर. इतकी झटपट बढती देणारे दुसरे खाते मी पाहिलेले नाही!

तर अशा मेजरांच्या सहवासात माझी पुष्कळ वर्षे गेली. त्यांचे अर्ज मी लिहिले, पेन्शनचे कागद भरले, त्यांच्या नातवांना बेरीज-वजाबाकी शिकवली. आणि खरे सांगायचे तर सुरुवातीची बरीच वर्षे मी त्यांच्यावर मनातून नाराज होतो. मास्तराला पंधरा ऑगस्टला एक चांगले वीररसपूर्ण भाषण हवे असते. मी यांना विचारावे, "मेजर, लढाईचे काही सांगा". आणि त्यांनी सांगावे ते बर्फात फुटलेल्या बुटांचे, न शिजणाऱ्या डाळीचे, दरीत घसरलेल्या खेचराचे. पराक्रमाचे नाव नाही. एकाने तर मुलांसमोर उभे राहून, "पाय कोरडे ठेवा," एवढे एकच वाक्य सांगितले आणि तो खाली बसला. मुले हसली. मीही हसलो.

ते हसणे चुकीचे होते, हे कळायला मला फार दिवस लागले. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे ते एवढेच, की या माणसांनी मला धैर्याची जी ओळख करून दिली ती पुस्तकातल्या धैर्याहून वेगळी निघाली. पुस्तकातले धैर्य पहिल्या उडीत असते. या माणसांचे धैर्य दुसऱ्या खेपेत असते.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, निमज गावचे नामदेव जाधव. मराठा लाइट इन्फन्ट्रीतला साधा शिपाई, वय तेवीस. काम कंपनीच्या 'रनर'चे, म्हणजे निरोप पोचविणाऱ्याचे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीत सेनिओ नावाच्या नदीवर त्याची पलटण चढाई करीत होती. नदी म्हणावी तर ओढ्याएवढी. रुंदी सुमारे १५ फूट, पाणी चार-पाच फूट. पण तिच्या दोन्ही अंगांना ३० ते ३५ फूट उंचीचे, भिंतीसारखे उभे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात मुंग्यांच्या वारुळासारखी जर्मनांची मोर्चेबंदी. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंगांचा पट्टा. कंपनीचा कमांडर आणि त्याच्याबरोबरची माणसे पाण्यातून पलीकडे निघाली, तोच मागच्या, म्हणजे ओलांडून आलेल्या बांधातूनच, निदान तीन ठिकाणांहून त्यांच्यावर गोळ्यांचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोघे जवान जखमी झाले. बाकीचे सगळे ठार. धडधाकट उरला तो एकटा हा निरोप्या.

आता त्याच्या जागी आपण आहोत असे समजा. जखमींपैकी एकाला त्याने उचलले, पाण्यातून नेले, त्या उभ्या चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, गोळीबारातून पलीकडे सुखरूप पोचविले. इथपर्यंतचे मी समजू शकतो. माणसाच्या अंगात एखादा क्षण संचारतो. तो काय करतो हे त्याचे त्याला कळत नाही. जळत्या घरात उडी घेणारी साधी माणसे आपण पाहिली आहेत. पण बांधाच्या सुरक्षित अंगाला पोचल्यावर नामदेव जाधव परत फिरला. दुसरा जखमी अजून पलीकडे होता. आता त्याला सगळे ठाऊक होते: पाणी किती आहे, चढण कशी आहे, गोळ्या कोठून येतात. पहिल्या खेपेला अज्ञानाचा आधार असतो, तो दुसऱ्या खेपेला नसतो. तरी तो गेला, आणि दुसऱ्यालाही घेऊन आला.

पुढची हकीकत याहून रोमहर्षक आहे. तिसऱ्यांदा बांध ओलांडून त्याने एक मशीनगनचे ठाणे टॉमीगनने बंद पाडले. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून देऊन हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी उडविली. मध्येच बॉम्ब संपले म्हणून सरपटत वर येऊन साथीदारांकडून नवे नेले. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत उरलेल्यांना हात करून बोलावले. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शाळेत मुलांना आम्ही सांगतो तो हा तिसरा भाग, कारण तो सांगायला सोपा आणि टाळ्या मिळविणारा आहे. मला मात्र त्या दुसऱ्या खेपेपाशी थांबावेसे वाटते. त्या खेपेत शत्रू मारायचा नव्हता. एक ओला, जड, कण्हणारा माणूस उचलायचा होता.

ब्रिटिशांच्या सैन्यातला पराक्रम, त्याचे कौतुक आपण कशाला करावे, असे कोणी विचारील. विचारावेही. ही पोरे पोटासाठी भरती झाली होती हे मी लपविणार नाही. कोरडवाहू जमीन, भावांच्या वाटण्या, आणि महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर, याच्यावर आमच्या भागातली कित्येक घरे उभी राहिली. पण पोटासाठी गेलेला माणूस पगारापुरते काम करून थांबू शकतो. दुसरी खेप पगारात धरलेली नव्हती.

आता दुसरा माणूस. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे. १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा शिपाई म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये खालच्या हुद्द्यावरून वर येत सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच एप्रिलात काश्मीरमध्ये नौशेरा ते राजौरी हा रस्ता खुला करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. रणगाडे पुढे न्यायचे, आणि रस्त्यावर जागोजाग सुरुंग, आडवी पाडलेली चीडाची झाडे, उडविलेल्या मोऱ्या. डोंगरातला रस्ता, आणि वरून सारखा मारा.

सुरुंग काढण्याचे काम कसे असते, हे एका सॅपर मेजरांनी मला शाळेच्या मैदानात करून दाखविले होते. पोटावर आडवे व्हायचे, संगिनीचे टोक जमिनीत तिरके, अगदी हलक्या हाताने खुपसायचे. कठीण लागले की थांबायचे, बोटांनी माती उकरायची. नाही लागले की वीतभर पुढे. पुन्हा तेच. त्यांनी मुलांसमोर दोन हात जागा तपासून दाखविली तेवढ्यात आमचा तास संपला. मुले कंटाळली होती. मेजर उठले, गुडघ्याची माती झाडली आणि म्हणाले, "असे दिवसभर." 

राण्यांनी हे काम चार दिवस केले. ८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी, आणि त्या पाचांत स्वतः राणे. त्यांनी उरलेल्यांना गोळा केले आणि काम सुरू केले ते रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पावणेपाचलाच. चालत्या रणगाड्याखाली सरपटत, दोन दोरांनी वरच्या चालकाला खुणा करीत त्यांनी सुरुंगातून वाट काढली, असे सांगतात. चौथ्या दिवशी चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेल्या मोजक्या वीरांमध्ये राण्यांचे नाव आहे. १९६८ साली ते मेजर म्हणून (हे खरे मेजर बरे का!) निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. त्या सव्वीस वर्षांत पुण्याच्या रस्त्याने ते गेले असतील तेव्हा किती जणांनी त्यांना ओळखले असेल?

माझ्या डोळ्यांपुढे राहतो तो त्यांचा रणगाडा नव्हे, तर ९ एप्रिलची पहाट. आदल्या दिवशी दोन माणसे मेलेली, स्वतःचे अंग जखमी, चार-पाच तासांची झोप, आणि सहा वाजता उठून पुन्हा त्याच मातीत हात घालायचा. रात्रीतून धैर्य शिळे होते. सकाळी ते पुन्हा ताजे करावे लागते, आणि ते दुसरा कोणी करून देत नाही. 

मी एकदा एका मेजरांना सरळच विचारले, "भीती वाटत नव्हती का?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी 'भूक लागत नव्हती का' असे विचारले आहे. "वाटते की, गुरुजी. पण हातात काम असते ना." मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. आपण समजतो, भीती आधी जाते आणि मग माणूस काम करतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे भीती जातच नाही. ती शेजारी बसून राहते, आणि हात चालू असतात. कवायतीला आपण हसतो, की एकच बंदूक शंभरदा खोलायची आणि शंभरदा जोडायची हा काय वेडेपणा. पण डोके ज्या दिवशी जागेवर राहणार नाही, त्या दिवसासाठी हातांना शिकवून ठेवण्याची ती व्यवस्था आहे. 'पाय कोरडे ठेवा' हे वाक्यही त्याच शाळेतले. ज्याचे पाय कुजले तो उद्या चालू शकत नाही, आणि मग त्याला उचलायला दोन माणसे लागतात. त्या वाक्यात स्वतःची काळजी होतीच. पण त्याहून जास्त, आपले ओझे सोबत्यावर पडू नये ही काळजी होती. आणि आम्ही हसलो!

आणखी एका माणसाविषयी सांगतो. मुरलीकांत पेटकर, सांगलीकडच्या इस्लामपूरचे. लष्करात कारागीर, आणि मुष्टियुद्धातले नावाजलेले खेळाडू. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, एक मणक्यात रुतली, आणि ऐन विशीत पाय गेले. मुष्टियोद्ध्याचे पाय जाणे म्हणजे गवयाचा गळा जाणे. इस्पितळात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. आणि या गृहस्थांनी त्या उपचाराचेच मैदान केले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्ण. पुढे पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला तो २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. ३७ सेकंदांत त्यांनी जे केले त्याची पुरती दखल घ्यायला आपल्याला बावन्न वर्षे लागली. तेव्हा दुसऱ्या खेपेच्या बाबतीत समाज म्हणून आपली चाल काय आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

खडकीला या गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरी संस्था तेथे आहे, आणि कंबरेखालून लुळे झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चाललेले पुनर्वसन केंद्रही आहे. पुण्याचे लोक त्या रस्त्याने सारखे जातात. कधी आत डोकावून यावे, एवढीच सूचना करतो. व्याख्यानाने जे होणार नाही ते तेथे अर्ध्या तासात होईल.

आतापर्यंत मी गणवेशातल्या, निदान गणवेशामुळे घडलेल्या, धैर्याबद्दल बोललो. पण आमच्या कोकणात एक पेन्शनर होऊन गेला, त्याचे नाव वीरांच्या यादीत सहसा कोणी घेत नाही. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळचे. १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. त्या काळी दापोलीत महार समाजातील पेन्शनर सैनिकांची वस्तीच होती. या माणसांना सैन्यात अक्षरओळख झाली होती, पगाराचा सन्मान कळला होता, आणि गावी परतल्यावर पाणवठ्यावर पाय ठेवायची बंदी होती. रणात चालणारा हात विहिरीवर चालत नव्हता. वलंगकरांनी लेखणी उचलली. १८८८ साली अस्पृश्यतेवर पुस्तिका लिहून त्यांनी धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. पुढे सरकारने महारांची सैन्यभरतीच बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी आपल्या पूर्वजांच्या आणि सोबत्यांच्या लष्करी सेवेचा दाखला देणारे विनंतीपत्र तयार केले. दुसऱ्या वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली; तेव्हा त्यांच्या शेजारी बसणेही तेथील काही सभासदांना सोसले नाही. त्यांच्या हयातीत फळ काहीच मिळाले नाही. ते १९०० साली वारले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

याच पेन्शनरांच्या परंपरेतले सुभेदार रामजी सकपाळ. लष्करी शाळेत शिक्षक असलेले हे सुभेदार पेन्शनीत आल्यावर दापोलीस आणि मग साताऱ्यास आले, आणि पेन्शनीच्या पैशात काय भागते न भागते ते बाजूला ठेवून त्यांनी मुलाला शिकविले. मुलगा कोण, हे या सभागृहात सांगण्याचे कारण नाही. एका मास्तराला या गोष्टीचा किती अभिमान वाटतो, तेवढे मात्र सांगतो.

सगळेच निवृत्त सैनिक असे असतात असे मी म्हणत नाही. बांधावरून भावाशी कोर्टात भांडणारे, संध्याकाळी कँटीनच्या बाटलीत बुडालेले मेजरही मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींची झोप त्या लढायांनी कायमची नेली आहे, हे त्यांच्या घरच्या बायकांना विचारावे. त्यांच्याबद्दल उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे निशाण छातीला टोचून घेणारा मी. १९४९ पासून ते निशाण आपण टोचीत आलो. ८ डिसेंबरला काय करतो?

हे मी दुसऱ्यांना उद्देशून म्हणत नाही. माझीच गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो.

मी मुख्याध्यापक असतानाची ही हकीकत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आमच्या एका मेजरांच्या हस्ते झाले. हे नाईक म्हणून सुटलेले, डाव्या पायाने लंगडत चालणारे. मी त्यांना हार घातला, भाषणात 'राष्ट्राचे आधारस्तंभ' वगैरे म्हणालो. चार दिवसांनी ते शाळेत आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागद. जुन्या जनरल रजिस्टरमधून एका नावाचा दाखला हवा होता. पेन्शनच्या कागदात नाव एक आणि गावच्या कागदात दुसरे, अशी अडचण. आमच्याकडे हे नेहमीचेच. भरतीच्या वेळी लिहिणाराने कानाला ऐकू आले ते लिहिलेले असते, आणि त्याची फळे तीस वर्षांनी निघतात. लेखनिक रजेवर होता, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. मी म्हणालो, "उद्या या."

त्यांची वस्ती सहा किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा मी तालुक्याला मीटिंगला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा रजिस्टर सापडत नव्हते. खरे म्हणजे मी शोधले नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच ते व्हरांड्यात बसलेले दिसले, तेव्हा मात्र मला शरम वाटली. मी स्वतः कपाट उघडले, रजिस्टर काढले, पान लावले. नाव वाचले आणि चमकलो. ते नाव त्यांचे नव्हतेच. पलीकडच्या वाडीतल्या, पूर्वीच वारलेल्या एका जवानाचे ते होते. त्याच्या बायकोची पेन्शन नावाच्या घोळात अडकली होती.

"मेजर, हे तुमचे काम नाही?" मी विचारले.

"एका तुकडीत होतो आम्ही," ते म्हणाले.

"मग चार दिवस बोलला कसे नाहीत? मी समजलो तुमचेच काही असेल."

"माझे असते तर तुम्ही लवकर दिले असते का?" ते हसले. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, पण लगेच म्हणाले, "पहिल्या खेपेला काम होत नाही, गुरुजी. ते धरूनच निघालो होतो."

मी दाखला लिहून दिला. त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवी सदऱ्याच्या आत ठेवली, आणि निघून गेले. सोमवारी पाहतो तो पुन्हा व्हरांड्यात हजर. "गोल शिक्का राहिला, गुरुजी. कचेरीने परत केले."

चूक माझी होती. मी शिक्का मारला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर एस.टी.त जाऊन बसलो. कंडक्टर तिकिटे फाडीत आमच्यापाशी आला. "मेजर, आज कुठे?"

"परत तिथेच," ते म्हणाले, आणि खिडकीकडची जागा त्यांनी मला दिली.